सहा-चार-तीन

टोकेकर सरांच्या उजव्या हाताची अनामिका
सरळ होत नाही.
पैसे मोजताना ती बाजूला उभी राहते
लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखी.

चिमणबागेत पंचवीस वर्षं मी स्कोअर लिहिते,
बेसबॉलचा.
तरी दर रविवारी कुणीतरी सायकल टेकवून विचारतोच,
"मॅडम, कितने ओवर हुए?"
मी म्हणते, बारह.
तो समाधानाने जातो.

सर कॅचर होते.
आठ जणांची तोंडं एकीकडे,
हा एकटा उकिडवा, उलट्या तोंडाचा,
सगळ्यांचे चेहरे बघत बसलेला.
कोण घरून भांडून आलाय, कुणाचा खांदा दुखतोय
आणि सांगत नाहीये,
सगळं जाळीआडून कळायचं.
दिवसभर वीज मंडळाचे मीटर वाचायचे,
संध्याकाळी दोन मांड्यांमध्ये लपवून बोटांच्या खुणा:
एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळता.

बेचाळिसाव्या वर्षी गुडघे गेले.
मॅनेजर झाले म्हणून वहिनींनी मावा बाटी वाटली.
सर मात्र पहिल्या सामन्यात बाकावर बसलेच नाहीत,
कडेला आख्खी इनिंग उकिडवे.
शेवटी दोघांनी धरून उठवलं.

यंदाची सेमी. बरोबरी. शेवटची पाळी,
पहिल्या बेसवर आमचा माणूस, बाद कुणी नाही.
बॅट लोकेश चौकसेच्या हातात,
परदेशीपुऱ्याचा, एकोणीस वर्षांचा,
त्याच्याइतकं लांब आमच्यात कुणी मारत नाही.
सरांनी टोपीला हात लावला, कोपराला,
मग कानाच्या पाळीला.
बंट.
नुसता टेकव. तू मर, तो पुढे सरकू दे.

असल्या मरणाला वहीत त्याग म्हणतात.
सरासरीत धरत नाहीत.

लोकेशनं पाळीकडे बघितलं.
त्यानं बघितलं हे मी बघितलं.
आणि पोरानं पूर्ण बॅट फिरवली.

चेंडू भिंतीपलीकडे,
भुट्ट्याच्या गाडीवरची छत्री आडवी झाली.
पोरं नाचली, ढोलवाला कुठून आला कोण जाणे,
गाडीवाल्याला सरांनी खिशातून पैसे दिले,
टाळ्याही वाजवल्या,
अनामिका सोडून बाकी बोटांनी.

दुसऱ्या दिवशी फायनलच्या यादीत लोकेश नव्हता.

एका रनानं हरलो.
संघटनेनं लेखी खुलासा मागितला.
सरांनी एवढंच लिहिलं,
"खूण त्याला दिसली होती."

आठवड्यानं ते माझ्या घरी आले.
चहा निवत ठेवला.
म्हणाले, बाबांची जुनी वही आहे का, कटकची?
होती. माळ्यावर, वाळवीनं कडा खाल्लेली.
बाबांचं बारीक अक्षर:
टोकेकर, सहा-चार-तीन.
शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस.
एका फटक्यात आपले दोघे बाद.

"मलाही बंटची खूण होती," सर म्हणाले.
"मीही बघितली होती."
मग बराच वेळ नुसता पंखा.
"साठेसाहेब काही बोलले नाहीत हो.
दुसऱ्या दिवशी खेळवलंसुद्धा.
तेवढं अजून डोक्यातून जात नाही."

मी म्हटलं, लोकेशला सांगा ना हे.
ते म्हणाले, काय सांगू?
त्याचा तर गेला भिंतीपलीकडे.

सोमवारी पहाटे दूध आणायला निघाले होते.
चिमणबागेत धुकं गुडघ्याएवढं,
त्यात दोघं जण.
मशीन नाही, पिचर नाही,
सर स्वतः टाकत होते, कमरेतून वाकून, हळू,
आणि लोकेश बॅट आडवी धरून
एकेक चेंडू जमिनीवर निजवत होता.
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
मध्ये एकदा पोरानं चेंडू गोळा केले,
सरांच्या पायाशी आणून ठेवले
आणि परत गेला.

मी फाटकाशी उभी राहिले थोडा वेळ.
वही नव्हती जवळ.
किती झाले, मोजलं नाही.