चार मिनिटं तेरा सेकंद

उजळाईवाडीच्या विमानतळावर
जुन्या इमारतीला नवी जोडली, नवीला आणखी एक,
मग कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं,
की माणसानं दारापासून विमानापर्यंत
चालायचं तरी किती?
म्हणून हा सरकता रस्ता.
लांबी बासष्ट मीटर.

तीनशे सोळा पॅलेट.
इलाहीचाचा त्यांना पाट म्हणतात.
जेवायला मांडतात तो, की उसाला पाणी सोडतात तो?
विचारलं तर म्हणाले, दोन्ही.
बसायचं, आणि वाहत जायचं.

बावन्न दिवस आम्ही ते बासष्ट मीटर पायी तुडवले.
पाना विसरला म्हणून परत,
ग्रीस संपलं म्हणून परत,
लेव्हलमधला बुडबुडा केसभर हलला म्हणून
गुडघ्यांवर रांगत, दोरी धरून, परत.

चाचा शिकलगार. घरात सात पिढ्या धार.
पट्टा जिथं जमिनीखाली जातो तिथल्या कंगव्याचे दात
ते बघत नाहीत,
डोळे मिटून अंगठा फिरवतात.
एक दात जरा वाकडा निघाला
तर उद्यमनगरात जाऊन स्वतः सरळ करून आणतात.

रविवारी रात्री मगदूमसाहेबांनी बटण दाबलं.
सेकंदाला अर्धा मीटर.
"एवढंच?" वॉचमन गुंडोपंत म्हणाला,
"आमची म्हैस ह्याच्या आधी गंगावेशीत पोचंल."
सगळे हसले. साहेबही.
मग कुठंतरी खाली
टक.

घड्याळ लावलं.
चार मिनिटं तेरा सेकंदांनी पुन्हा
टक.
"कुणाला ऐकू येणाराय," साहेब म्हणाले, "गुरुवारी उद्घाटन."
चाचा काही बोलले नाहीत.
जमिनीवर आडवे झाले,
स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला, मूठ कानाला,
डॉक्टर छातीला नळी लावतो तसं.

पट्ट्याच्या त्या टोकाला प्लायवूडची भिंत आहे.
तिच्यावर लिहिलंय, पुढील टप्पा.
म्हणजे सध्या तरी अंधार,
आणि फटीतून येणारा गुऱ्हाळाचा वास,
ग्रीसच्या वासात मिसळून गोडसर, मळमळणारा.
मी तिथं बसून फेऱ्या मोजल्या.
अकराव्या फेरीला चाचांनी हात वर केला.
"बंद कर. एकशे सत्त्याहत्तर."

पाट उचलला.
रोलरच्या रबरात रुतलेला
वेल्डिंगचा एक मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा.
त्या भागातलं वेल्डिंग माझं होतं.
चाचांना ते माहीत होतं.
चाचांना माहीत आहे हे मला माहीत होतं.
त्यांनी मणी चिमटीत धरला, दिव्याकडं नेला,
आणि विडीच्या बंडलात टाकून
खिसा वरून दाबला.

साहेबांनी विचारलं, काय होतं?
"खडा," चाचा म्हणाले.

पुन्हा चालू केलं.
एक फेरी. दुसरी.
तिसऱ्या फेरीला मी पट्ट्यावर उभा राहिलो
आणि आयुष्यात पहिल्यांदा
काही न करता पुढं गेलो.
विचित्र वाटलं. हात कुठं ठेवायचे कळेना.

सहाला बाहेर पडलो.
पट्टा बंद, त्याच्यावर निळं प्लास्टिक,
म्हणून त्याच्या शेजारून चालत.
टर्मिनल रिकामं. दिवे अर्धेच.
आणि चाचांच्या डाव्या गुडघ्यातून,
पाऊल पडलं की,
टक.

मी थांबलो. त्यांच्या पायाकडं बघितलं.
"ते असू दे," चाचा म्हणाले,
"तिथं तुझं वेल्डिंग नाही."
आणि केएमटी चुकेल म्हणून
भराभरा चालायला लागले.