मधला ग मुका

सातव्या वेतन आयोगाचा शेवटचा हप्ता जमा झाला
त्या दिवशी साकोलीला गेलो.
घरी सांगितलं, चष्म्याची काडी बदलायची आहे.
तीही बदलली. निव्वळ खोटं मला जमत नाही.

हायवेवरच्या दुकानात लोखंडी जाळीमागे
रहांगडालेचा पोरगा, मान हिशेबात.
वरच्या फळीवर, जिथं गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही
आणि बहुधा खिसाही,
तीन बाटल्या, खांद्यावर धूळ.

‘कॉग्नॅक दाखव,’ म्हटलं.
‘कोन्याक, काका. मधला ग मुका राह्यते.’
पटलं मला. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
असे किती पाहिले,
सातबाऱ्यावर नाव आहे, धुऱ्यावर कधी दिसत नाहीत.

मग अक्षरांचा हिशेब.
दोन म्हणजे लाकडात दोन वर्षं, चार म्हणजे चार,
आणि तिसरीवर पुन्हा दोनच, पण वेगळी,
तिची किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनएवढी.
‘कमीत कमी दोन वर्षं हां,’ पोरगा म्हणाला.
कमीत कमी. मला हा शब्द आवडतो,
त्याला खाली तळ असतो.
खालच्या फळीवरची एकशेऐंशीची ब्रँडी
सगळं गाव खोकल्यासाठी नेतं, बारा महिने खोकतं.
मी दोन अक्षरांची घेतली, तीही अर्धी बाटली,
दोन हजार सहाशे चाळीस.
वरचे चाळीस त्यानं सोडले, धुळीचे म्हणून.

संध्याकाळी इस्तारी कापगते आला.
तीस वर्षं साखळीचं एक टोक त्याच्या हाती, एक माझ्या,
मधे शंभर कड्या आणि कुणाचं तरी भांडण.
आज मधे फक्त बाज.
बोडीवरून गारठा येत होता, लाखोळी फुलली होती.

पेला कसा हवा, तर पोट मोठं, तोंड लहान.
घरात तसली एकच वस्तू, मुरांब्याची बुटकी बरणी.
राखेनं तीनदा घासली.
इस्तारीनं स्टीलची वाटी मागितली,
‘माह्या नाकाले मोठं तोंड लागते.’

बूडभर ओतली. तळहात खालून लावला,
कोंबडी अंड्यावर बसते तसा, निवांत.
नाक आत खुपसायचं नाही,
हद्दीच्या अलीकडे थांबायचं.
पहिल्यांदा नुसता जाळ.
दुसऱ्यांदा संत्र्याची साल, उन्हात विसरलेली.
मग सुताराच्या पेटीतला भुसा,
मग ओळखीचं काहीतरी, आणि नाव आठवेना,
लग्नात भेटलेल्या माणसाचं होतं तसं.

इस्तारीनं डोळे मिटले.
‘साहेब, मोहफुलं. चैतातले.
पाहाटी येचून टोपल्यात ठेवले
अन् दुपारी उघडून पाह्यले, थे.’
तेच होतं.
थोड्या वेळानं तो म्हणाला,
‘पर याले लाकडानं शिकवलं हाये.
आपलं पोट्टं शाळेतच नाई गेलं.’

हिरकन वडे घेऊन आली, लाखोळीच्या डाळीचे.
बाटलीकडे पाहिलं. ‘हे का चष्म्याची काडी?’
मी काही बोललो नाही. इस्तारी वाटीत पाहू लागला.
तिनं बरणी उचलली, हुंगली,
जिभेला लावली, तोंड वाकडं केलं,
तसंच वाकडं ठेवून थांबली,
मग हळूहळू सरळ झालं.
‘जळते पयले, मंग गोड लागते,’ म्हणाली.
‘वडे गार होऊन रायले.’

रात्री बाटली कपाटात ठेवताना
सवयीनं पेन्सिलीनं खूण केली, लेबलच्या कडेला.
इस्तारी बोडीपलीकडे राहतो. मी आठवडाभर हात लावला नाही.
शनिवारी पाहिलं,
खूण जागच्या जागी, हद्द बोटभर खाली सरकलेली.

फेरमोजणीचा अर्ज
मी कुणाकडेच दिलेला नाही.