दिवाडीला येणाऱ्या दोघांसाठी

रायबंदरच्या धक्क्यावर या.
फेरीबोट समोर असते, नसली तर पलीकडे असते,
एवढंच तिचं वेळापत्रक.
स्कूटरवरून उतरू नका.
मागच्याने पुढच्याच्या कमरेला हात घातला
तरी मांडवीवर ते कुणी मोजत नाही;
लोक पाणी बघत असतात, किंवा मोबाईल.

ख्रिस्तावांचा उपास लागायच्या आधीचे तीन दिवस धरून या.
पणजीत त्याच दिवसांत चित्ररथ, कर्णे, गर्दी.
इकडे तसलं नाही.
इकडे ऊन कललं की पोतेकार निघतात,
कमरेला गुरांच्या घंटा,
तोंडावर पुठ्ठा नाहीतर फडकं,
अंगात कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांचा कोट.
मुलं किंचाळत माडांआड पळतात
आणि लगेच परत येतात, अजून भ्यायला.

राहायला क्वितेरियाबाईंची खोली आहे,
खाजनाच्या बांधावरून गेलात तर खिडकी दिसते.
त्या विचारतील, दोन खाटा की एक?
मामेभाऊ आहोत म्हणायची गरज नाही.
आम्ही म्हणालो होतो, पहिल्या वर्षी.
त्यांनी खाटा दोन दिल्या
आणि मच्छरदाणी एकच.

आता वेश.
जुना गाऊन मिळाला तर उत्तम, फुलाफुलांचा.
मी डिचोलीचा, आमच्याकडे सोंग घ्यायचं ते देवाच्या नावाने;
इथे कुणाच्याच नावाने घ्यावं लागत नाही.
पुरुषाने गाऊन घातला की इथेही हसतात,
पण त्या हसण्यात दगड नसतो.
मी घातला तेव्हा पोटऱ्यांना वारा लागला,
चाळिशीत, पहिल्यांदा.
हे सूचनांमध्ये बसत नाही, पण असू दे.

बोलू नका, नुसता हुंकार द्या.
घड्याळ काढा. हातमोजे घाला.
आणि सगळ्यात आधी चपला बदला.
इथली माणसं तोंडाकडे बघतच नाहीत,
पाय बघतात, चाल बघतात.
खेळच तो आहे, ओळखण्याचा.
ओळखलं की खेळ संपला.

हे सगळं मला आनाक्लेतने सांगितलं होतं,
दोनदा, चपलांचं तर तीनदा.

त्याच्या घराच्या बलकांवात त्याची आई
शेजारणीबरोबर चिंचा सोलत बसली होती.
आम्ही पाचजण घंटा वाजवत उभे राहिलो.
तिने एकेकाला वेताने ढोसलं.
हा बेकरीवाल्याचा. हा बोस्त्यांवाचा धाकटा, पाय फेंगडे.
स्वतःच्या मुलाला तिने मुद्दाम ओळखलं नाही, असं मला वाटलं.
मग माझ्यापाशी आली, खाली बघितलं.
निळ्या पट्ट्यांच्या चपला.
श्रावणात त्या तिच्याच पायरीवर भिजल्या होत्या,
मी ऑफिसातला मित्र म्हणून जेवून गेलो तेव्हा
(मी कुठल्याच ऑफिसात नाही).

शेजारीण म्हणाली, हो कोणाचो गे?
ती म्हणाली,
"हो आमच्या आनाक्लेताचो."

शेजारीण थांबली.
मी शाळेत व्याकरण शिकवतो.
षष्ठीच्या प्रत्ययापुढे नाम लागतं,
मित्र, भाऊ, नोकर, काहीतरी.
नाम आलं नाही.
ती खाली बसली, पुढची चिंच उचलली,
आणि चिकट बोटांनीच
दारातल्या बशीकडे दाखवलं: दोस आहे, घ्या.

मुखवट्याआत तोंड पुसता येत नाही.
रुमाल ठेवायचा असेल तर आतच ठेवा.

बाकी फार काही नाही.
हुर्राक चढते उशिरा, सांभाळून.
कुत्री घंटांना घाबरतात, तुम्हाला नाही.
चपलांचं तुमचं तुम्ही ठरवा.
डास मात्र फार आहेत.
मच्छरदाणी आणू नका,
क्वितेरियाबाईंकडे आहे.