उलटी काच

फेरो बेटांवर, केबल जिथे समुद्रातून वर येते
त्या दगडी खोपटात रान्नवा
शिकाऊ ब्रांडूरला पडद्यावरची रेघ दाखवते.
निघाला तेव्हा सुईसारखा होता हा ठोका.
आता बघ, भिजल्या लोकरीसारखा पसरलाय.

काच चांगली आहे, ती सांगते.
एका ठोक्यात रंग अनेक,
डोळ्याला न दिसणारे,
आणि काच प्रत्येकाला निराळा वेग देते.
दुजाभाव नव्हे, स्वभाव.

ऑक्टोबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवतो ना,
वरून निघताना एकच पांढरा ढीग.
कुंपणाशी येईतो तरण्या पुढे, लंगड्या मागे,
आणि मागच्या कळपातल्या तरण्या
ह्यांच्या लंगड्यांत घुसलेल्या.
मग कुणाची कुठली, सांग.

कानांवरच्या खुणा बघायच्या, ब्रांडूर म्हणतो.
ती हसते. उजेडाला कान नसतात रे.

कपाटात एक रीळ आहे, ताटाएवढं,
त्यावर मैलोगणती काच.
हिचा स्वभाव उलटा:
पुढे पळालेल्याला रेंगाळवते,
रखडलेल्याला ढकलते.
ती टोकं जुळवते, ठिणगी पडते, काच काचेत मुरते.

पडद्यावर पुन्हा सुई.
बरीचशी.
उजेड मात्र मंदावलाय जरा,
फुकट काहीच नाही, ती पुटपुटते
आणि झाकण लावते.

आत कुणाचे शब्द होते, तिला कधीच कळत नाही.

बाहेर म्हातारा यालग्रीम कुंपणाचं फाटक धरून उभा.
चौदा आल्या.
वाऱ्यात त्याची टोपी उडते, तो उचलायला जात नाही.
पंधरावी अजून वर आहे.