शेरा

तीस वर्षं मी काँक्रीटचे ठोकळे फोडले.
स्लाउमधल्या एका पत्र्याच्या लॅबमध्ये,
अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेले,
प्रत्येकाच्या पाठीवर नंबर :
हा पुलाचा, हा पार्किंगचा, हा हॉस्पिटलच्या जिन्याचा.
यंत्र दाबत जायचं, काटा चढत जायचा,
तडकण्याआधी एक शांतता यायची. ती मी ओळखायचे,
चहाचा कप तेव्हाच खाली ठेवायचे.
वहीत शेवटचा रकाना : शेरा.
पास. पास. फेल. पास.

आता सफोकमध्ये राहते, स्टोमार्केटच्या पुढे,
जिथे बस दिवसातून दोनदा येते
आणि त्यातली दुसरी बहुधा येत नाही.
शेजारची मॅव्हिस थर्केटल घर बांधतेय,
भावाच्या शेतातल्या भांगेचं.
गेल्या उन्हाळ्यात शंभर दिवसांत
ती भांग माझ्या डोक्यावरून गेली होती.
शाल्मली फोनवर हसत सुटली,
"आई, निवृत्तीनंतर हे धंदे?"
अगं, नशेची नव्हे ही. वाख सोलून उरलेल्या काड्या,
बारीक तोडायच्या, चुन्यात कालवायच्या.
"म्हणजे चुना लावतात."
लावतात. दिवसाढवळ्या, सगळ्या गावाला सांगून.
हा विनोद मॅव्हिसला समजावता समजावता
मिक्सरमधला माल वाळायला लागला.

फळ्यांच्या मधे मी ओतत होते, ठोकत होते,
हाताची जुनी सवय : कुठे पोकळी राहता कामा नये.
जेथ्रोने माझं मनगट धरलं.
"हवा राहू दे. हवेसाठीच तर आहे सगळं."
तीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

लॅब सोडताना एक लोखंडी साचा मी उचलून आणला होता.
चोरीच म्हणा. दाराला अटकाव म्हणून वापरते.
तो धुतला, तेल लावलं,
आणि मॅव्हिसच्या भिंतीतला माल
गुपचूप त्यात भरला.

अठ्ठावीस दिवस. पाण्यात नाही, शेडमध्ये, वाऱ्यावर.
मग अंगठा दाबून बघितला. नख रुतलं.
कोपरा नानकटाईसारखा भुरभुरला,
एक काडी हातात आली.
यंत्राखाली याचं काय झालं असतं?
कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नसता.

जेथ्रोला दाखवला. त्याला काही वावगं दिसेना.
भार लाकडाच्या खांबांवर, ते बघ, डग्लस फर.
भिंत काहीच पेलत नाही.
"मग करते काय?"
त्याने बाहीला नाक पुसलं, जरा विचार केला.
"घरात असते," म्हणाला.

मार्चपासून मीही घरात असते.
हे त्याला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात मॅव्हिस राहायला आली.
पहिल्या संध्याकाळी हीटर न लावता आम्ही बसलो,
कोट काढून.
भिंतींना कान असतात म्हणतात, या भिंतींना पोट आहे :
बोललेलं गिळतात, परत देत नाहीत.
दोघीही हळू बोलायला लागलो, कारण नसताना.
चुना हवेतून घेत राहील जे घ्यायचं ते,
दगड होईपर्यंत. ते बघायला आम्ही नसू.

ठोकळा माझ्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीपाशी.
जुनी वही काढली. पिठाच्या काट्यावर रोज ठेवते.
सोमवार, ऊन, खिडकी उघडी :
एक किलो एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.
मंगळवार, कुकरच्या पाच शिट्ट्या, काचांवर घाम :
एक किलो एकशे एक्क्याण्णव.
सात ग्रॅम वाफ. माझ्याच वरणाची.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं,
थोडा वेळ तसंच धरलं, निळा ठिपका पसरला.

बुधवारी पाऊस होता.
पुन्हा वजन केलं.