जुडगा

दर मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी
हेड्विग स्टाखुरा माझ्या टेबलावर जुडगा टाकते.
खण्ण.
मग बुटांच्या खोक्यातून पावत्या.
टोलीडोत हे करभरणीचे दिवस;
बाहेर मीठ मारलेला बर्फ काळवंडलेला.

"लिही, घसान," कोट न काढताच ती म्हणते.

ही पितळी, दात झिजलेली: जुळं घर.
खाली रात्रपाळीची नर्स,
वर दोघे भाऊ, एक ट्रॉम्बोन.
भाडं वेळेवर,
भांडण त्याहून वेळेवर.

ही चपटी, गोदामाच्या शटरची.
बत्तीस खोल्या, खिडकी एकीलाही नाही.
लोक काडीमोड घेतात, मरतात, दुसऱ्या राज्यात जातात,
सोफा मात्र कुणाला टाकवत नाही.
"मंदी आली की घरं ओस पडतात
आणि माझी ही खुराडी भरतात.
एकीकडे रडं, दुसरीकडे दळण."

टक्सनमधल्या दातांच्या दवाखान्यात
तिचा एक नवमांश हिस्सा आहे.
त्याला चावी नाही, नुसता कागद.
त्या वाळवंटात ती कधी गेलेली नाही.
"म्हातारे तिकडे राहायला जातात.
दात म्हाताऱ्यांचेच पडतात.
अजून काय जाऊन बघायचं?"

इंडियानातल्या चाळीस एकरांनाही चावी नाही.
कसणारा अर्ल न्यूसबाउम फोन करतो,
त्याच्या 'हॅलो'वरूनच
तिला सोयाबीनचा भाव कळतो.

लाँड्री बुडाली. थंडीत नळ फुटले,
विम्याच्या कागदात बारीक अक्षर निघालं.
ती चावी तिनं इथंच काढली,
माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली,
आणि जाताना एकदा
डब्यात डोकावून पाहिलं.

एकदा मी म्हणालो,
इतकी पांगापांग कशाला, या वयात?
तिनं पावत्यांवरचा हात काढला नाही.

"माझ्या बापाचं एकच घर होतं,
काचेच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर.
पगार तिथला. म्हातारपणाची पुंजी तिथल्याच शेअरमध्ये.
भोंगा थांबला, पगार गेला.
शेअर गेले.
मग म्हणाला, घर विकू.
घ्यायला कोण येणार?
सगळी गल्लीच विकायला निघालेली.
तीन वस्तू आहेत असं वाटायचं त्याला,
एकच होती.
सगळं एका खुंटीला टांगू नये, घसान.
खुंटी उपटली की गिलावाही येतो."

यावर हिशेबनिसानं काय बोलावं?
मी पेन्सिलीला टोक केलं.

राहिली ती बारकी, काळी.
तिचं कुलूप नाही, दारही नाही.
ते घर पालिकेनं पाडलं,
मोकळी जागा लिलावात निघाली,
बोली लावणारी ही एकटीच.
उत्पन्न शून्य. कर तीनशे बारा डॉलर.
बारा वर्षं सांगतोय, विका.
बारा वर्षं तिला त्या वाक्यापुरतं
कमी ऐकू येतं.

"हे कोणत्या रकान्यात घालू?" मी विचारतो.
भाड्याचं नाही, शेतीचं नाही,
तोट्याचं म्हणावं
तर तोटा कधीतरी संपतो.

ती चष्मा पुसते, कोटाच्या टोकानं, बराच वेळ.

"लिही, गवत," म्हणते.
"महिन्यातून दोनदा कापतात.
पोरगा पंचवीस घेतो.
कोपऱ्यातलं लायलॅक सोडून कापायला सांगितलंय,
तेही लिही."