दोघांचं भांडं

मकरपुऱ्यात दिवसभर वजनकाटे तपासले.
पाच किलोचं पितळी वजन, दोन ग्रॅमचा फरक,
शिक्का, सही, पुढचा काटा.
वीस वर्षं हेच.
ग्वाल्हेरहून निघायचं, कुठल्याशा वसाहतीत उतरायचं,
रात्री लॉजच्या खोलीत, बातम्यांसमोर,
एकट्याची थाळी.

या खेपेला स्टोअरमधल्या दिघेबाईंनी
चलनाच्या पाठीवर पत्ता लिहून दिला :
गोत्री रोड, फरसाणच्या दुकानावर दुसरा मजला.
पाटी नाही. चपला दिसतील.

दिसल्या.
आणि जिन्यातच एक वास भेटला,
आंबलेला, लालभडक,
लोणच्याच्या बरणीत कुणी समुद्र विसरून गेल्यासारखा.

सहा बुटकी टेबलं. मांडी घालून बसायचं.
इथवर माझी तयारी होती.

आधी पेला आला. तपकिरी, कोमट.
"बोरीचा," मालकीणबाई म्हणाल्या.
बोरीचा? बोरीचा कोण? बोरीचा काय?
मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो.
वाढणारा हितेन हसला,
"जवनी चा, साहेब. चा एटले चा."
म्हणजे षष्ठी नव्हती, चहा होता.
भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास,
दूध नाही, साखर नाही, आणि तरी चहा.

मग वाट्या.
मी ताटाची डावी-उजवी जाणणारा माणूस,
मीठ कुठे, लिंबू कुठे, पंचामृत कुठे,
झोपेत विचारा.
इथे ताटच नाही.
तिळाच्या तेलातले मोड, पालकाची गुंडी,
नखाएवढे सुके मासे, डोळ्यांसकट,
आणि खंडेराव मार्केटातला आपला साधाच कोबी
तिखटात पंधरा दिवस मुरून
आता कुणाचं ऐकायला तयार नसलेला.
पहिल्या घासाला कान गरम झाले.
दुसरा मी मागून घेतला.

भिंतीवरच्या चित्रातल्या रश्शावर बोट ठेवलं.
बाईंनी मान हलवली, दोन बोटं दाखवली.
"एक जणने नथी आपतां," हितेन म्हणाला,
"ओछामां ओछा बे."
मी म्हटलं, राहू दे.
पण बाईंनी माझा पेला उचलला,
कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवला.
पेल्यामागून मी.

तिथे ह्वांग नावाचे गृहस्थ.
कुठल्याशा यंत्राची मोटर बसवायला आलेले,
आठ महिने झाले, मोटर बसेना.
आमच्यामध्ये काळं दगडी भांडं आलं,
उतरवल्यावरही उकळत होतं,
हट्टी मुलासारखं.
त्यांनी चमचा बुडवला, तोंडात घातला,
परत बुडवला.

उष्टं.

पाण्याचा तांब्याही वरून ओतून पिणारा मी.
माझा चमचा हवेत,
काटा शून्यावर यायच्या आधी थरथरतो तसा.
ह्वांग काही बोलले नाहीत.
पांढऱ्या पनीरसारखा एक तुकडा
चमच्यानं हळूच लोटत
माझ्या काठाला आणून सोडला.

मी बुडवला.

जुन्या डाळीसारखं काहीतरी, पण डाळीहून वयस्क,
खारट, मातकट, तळाशी किंचित गोड.
कपाळाला घाम. ह्वांगच्याही.
आम्ही दोघांनी एकाच वेळी नाक पुसलं
आणि मग हसू आवरेना.

निघताना मी सवयीनं विचारलं,
यात त्या सोयाच्या गोळ्याचं प्रमाण किती? ग्रॅममध्ये?
हितेननं विचारून पाहिलं.
बाईंनी फक्त पंजा उघडून दाखवला,
रेषांमध्ये तिखट भरलेलं.
"एमनी भाषामां कहे छे, हाथनो स्वाद."
आमच्याकडेही, मी म्हटलं,
आमच्याकडेही हाताला चव असते.
कोणत्या भाषेत म्हटलं, आठवत नाही.

बिल बरोबर अर्धं अर्धं.
ह्वांगनी जिन्यात एक बोट वर केलं,
मग घड्याळ, मग भुवया :
उद्या? आठ?

लॉजवर येऊन सकाळचं तिकीट रद्द केलं,
रात्री उशिराचं काढलं.
ऑफिसच्या अर्जात कारणाच्या रकान्यात
नीट अक्षरात लिहिलं :
एक काटा तपासायचा राहिला आहे.